रायफलीवाचून रायफलींचा संग्रह

जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफली जमवणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेत त्यांच्यासाठी वेगळा परवाना असतो. पन्नास वर्षांहून जुनी रायफल त्यावर विकत घेऊन घरी आणता येते. ब्रिटनमध्ये ती कायमची निकामी करून, तसं प्रमाणपत्र घेऊन भिंतीवर लावता येते. भारतात यातलं काही करता येत नाही. तरीही हे पुस्तक बेंगळूरुच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून मराठीत लिहिलं आहे. ज्या रायफलीबद्दल ते मुख्यतः आहे, ती माझ्या मालकीची नाही आणि कधी होणारही नाही. मग पुस्तक कशासाठी, हे आधी सांगायला हवं.

ती रायफल आपली आहे, म्हणून. ली-एनफिल्डचा आराखडा स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांचा आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचा, हे खरं. पण हुगळीकाठच्या इशापूरला ती लाखांनी घडली. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीला तयार झाली. ती घेऊन सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगावकडची माणसं परमुलखात लढली आणि त्यातली बरीच परत आली नाहीत. पुढे तीच रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिली. बंदुकीला कधी हात न लावलेल्या मराठी माणसालाही तिचं ‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव ठाऊक असतं. एवढ्या ओळखीच्या वस्तूवर मराठीत सलग वाचायला फारसं काही मिळत नाही, याची खंत मला बरीच वर्षं आहे.

आता कायदा. तो नीट समजून न घेता या विषयात पाऊल टाकणं धोक्याचं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत शस्त्रांची वर्गवारी आहे. ०.३०३ इंच किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली, आणि या दोन मापांची लष्करी काडतुसं ज्यात बसून उडतील अशा इतर कुठल्याही बोअरच्या रायफली, तिथे प्रतिबंधित वर्गात घातल्या आहेत. शस्त्राचं वय, त्याची दुर्मिळता, त्याच्याशी जोडलेलं घराणं यांचा इथे विचार नाही. प्रश्न काडतुसाचा आहे. सरकारी कोठारातलं काडतूस बाहेर झिरपलं तर ते कुणाच्या खाजगी रायफलीत बसता कामा नये, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच नागरिकांसाठी इशापूरच्याच कारखान्याने ०.३१५ इंची शिकारी रायफल काढली. यंत्रणा तीच, ली-एनफिल्डची. काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर मापाचं, जे ना फौजेत ना पोलिसांत. साध्या परवान्याच्या बंदुकांवरही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, मग ती वारशाने आलेली का असेनात.

कायद्याच्या ४५ व्या कलमात एक बारीक फट आहे: जुन्या पद्धतीचं किंवा पुराणमूल्य असलेलं जे शस्त्र दुरुस्तीनंतरही कधी उडू शकणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. या वाक्याच्या भरवशावर कुणी भंगारातून रायफल उचलून आणू नये. ‘दुरुस्तीनंतरही’ हे शब्द फार कडक आहेत, आणि ली-एनफिल्ड ही रायफल दुरुस्त होण्यासाठीच बनवलेली आहे.

तिची रचना पाहिली की हे पटतं. बोल्ट हा दाराच्या कडीसारखा पोलादी दांडा. मूठ वर करून मागे ओढली की आधीच्या काडतुसाची पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत जातं. मूठ खाली दाबली की मागचं तोंड कुलूपबंद होतं. ही कल्पना प्रशियाच्या ड्रायझे यांच्या १८४१ च्या सुईच्या बंदुकीइतकी जुनी आहे. पाऊल माउझर यांनी ती जर्मनीत १८९८ पर्यंत अशी पक्की केली की पुढच्या बहुतेक सगळ्या शिकारी रायफली त्याच वळणावर गेल्या. माउझरमध्ये बोल्टला कुलूप घालणाऱ्या मुख्य कळा पुढे, नळीच्या तोंडाशी असतात. ली यांनी त्या मागे ठेवल्या. त्यामुळे ली-एनफिल्डचा बोल्ट माउझरइतका ताठ राहत नाही, पण त्याची ये-जा कमी अंतराची आणि हलकी होते. स्प्रिंगही ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, म्हणजे हाताचा जोर ज्या दिशेला असतो त्याच दिशेला. माउझरच्या पोटात पाच काडतुसं, हिच्या दहा. मिनिटाला पंधरा नेमके बार ही ब्रिटिश पायदळाची अपेक्षा याच दोन-तीन निर्णयांवर उभी होती. चिखलात, वाळूत, थंडीत चालत राहणं हा तिचा दुसरा गुण, आणि मला तो पहिल्याहून मोठा वाटतो.

सुरुवात अर्थात अडखळतच झाली. १८८८ ची ली-मेटफर्ड काळ्या दारूसाठी बनवली होती. तिच्या नळीतले मेटफर्ड यांचे उथळ आटे दारूची काजळी साचू नये म्हणून गोलसर ठेवले होते. मग कॉर्डाइट हे बिनधुराचं स्फोटक आलं, त्याच्या उष्णतेने ते आटे भराभर झिजले, आणि १८९५ मध्ये खोल, कोनदार आट्यांची नळी बसवून रायफलीच्या नावातला मेटफर्ड गेला, एनफिल्ड आला. १९०७ ची आखूड मार्क थ्री ही आपल्याकडे सर्वाधिक ओळखीची. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास.

हिंदुस्थानी शिपायाच्या हाती ती कधी आली, हा मात्र वेगळा आणि कडू अध्याय आहे. १८५७ नंतर साहेबाने एक धडा पक्का गिरवला: देशी पलटणीचं हत्यार गोऱ्या पलटणीच्या एक पायरी खाली ठेवायचं. गोऱ्यांकडे आट्यांची, ठासणीची जुनी एनफिल्ड, तर देशी शिपायाला त्याच साच्याची पण आटे नसलेली बंदूक. गोऱ्यांना मॅगझिनची ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा देशी पलटणी एकबारी मार्टिनी-हेन्री वापरत होत्या. १९१४ च्या शरदात हिंदुस्थानी फौज फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा जुन्या रायफली तिथे जमा करून नव्या काडतुसाला चालणाऱ्या रायफली हाती दिल्या गेल्या. ज्या हत्यारावर जीव अवलंबून, त्याची ओळख शिपायांना आघाडीच्या वाटेवर करून घ्यावी लागली. ही गोष्ट वाचताना मला आजही राग येतो.

त्याच पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्या तीन ब्रिगेडमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात त्या १४७ दिवस अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती झाली. पुढे ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, आणि पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आल्याची नोंद गावाने जपली आहे. रायफलीचा इतिहास लिहायचा तर या नोंदी कारखान्याच्या नोंदींइतक्याच महत्त्वाच्या आहेत, असं मी मानतो.

आणि दुसरी बाजू लपवून चालणार नाही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात बर्टी-क्ले नावाच्या अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात याच ०.३०३ काडतुसासाठी टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. शरीरात शिरल्यावर ती फुलायची. सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध ती वापरली गेली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांवर बंदी घातली. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरच्या शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या, त्या थ्री-नॉट-थ्रीच्याच. हा आकडा डायरने चौकशी समितीला स्वतः दिलेला आहे. उडालेल्या काडतुसांचा हिशेब ठेवण्याची लष्करी शिस्त त्या दिवशीही मोडली नव्हती. ज्याला या रायफलीच्या लाकडाची आणि पोलादाची भूल पडते, त्याने हा आकडा सोबत बाळगावा.

इशापूरचा रायफल कारखाना १९०४ चा. तिथल्या रायफलीवर काय काय वाचता येतं, याला या पुस्तकाची सर्वात जास्त पानं दिली आहेत, कारण खरा आनंद तिथे आहे. दस्त्याच्या पुढे, बोल्टच्या मुठीखाली जो पोलादी पट्टा असतो त्यावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, इशापूरचं नाव, साल आणि मार्क ठोकलेला असतो. स्वातंत्र्यानंतर मुकुट जातो, अशोकस्तंभाचे सिंह येतात. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी आणि नळीच्या खोबणीजवळ क्रमांक असतो. दोन्ही एकच असले तर बोल्ट त्याच रायफलीचा. जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेला दिसला तर समजावं की ती कधीतरी शस्त्रागारात उघडली गेली आणि दुसऱ्या बोल्टशी जुळवली गेली. लाकडात आडवा गेलेला एक स्क्रू दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून इथे तो घालत, आणि जगभरचे संग्राहक त्याला इशापूरचाच स्क्रू म्हणतात. पुढच्या लाकडावर तांब्याच्या तारेचे वेढे असतील, तर ती रायफल हातबॉम्ब फेकायला वापरलेली. ठळक ‘डीपी’ अक्षरं असतील तर ती फक्त कवायतीची. एकाही कागदाशिवाय, केवळ खुणांवरून एका हत्याराचं पन्नास वर्षांचं आयुष्य असं समोर उलगडतं.

काडतुसाच्या बुडावरही अशीच लिपी आहे. ‘केएफ’ म्हणजे खडकी, म्हणजे १८६९ पासून चालत आलेला दारूगोळा कारखाना. ‘ओएफव्ही’ म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव, ७.६२ मापासाठी. पुण्याचा आणि खानदेशचा पत्ता असा बोटाच्या पेराएवढ्या पितळी चकतीवर जगभर फिरला. फक्त, काडतूस घरात आणू नये. रिकामी पुंगळीसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय ठेवू नये. हे शिक्के संग्रहालयाच्या काचेआडून आणि छायाचित्रांतून वाचले तरी पुरतं.

१९६२ च्या चीन युद्धाने या रायफलीचं भवितव्य ठरवलं. १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊंची चार्ली कंपनी गोठवणाऱ्या थंडीत थ्री-नॉट-थ्री घेऊन लढली. समोर स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारं होती. युद्धानंतर भारताने अर्धस्वयंचलित एसएलआर मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. पण त्या पुरेशा होईपर्यंत काय? इशापूरने ली-एनफिल्डचाच साचा घेऊन, जास्त मजबूत पोलाद वापरून, ७.६२ काडतुसाची टू-ए आणि मग टू-ए-वन रायफल काढली. मॅगझिन चौकोनी, बारा काडतुसांचं. जुन्या रायफलीला नवी नळी बसवून ती केली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते चूक आहे, त्या नव्यानेच घडवलेल्या होत्या. जगात पायदळासाठी बनलेल्या अगदी शेवटच्या बोल्ट-ॲक्शन रायफलींत तिची गणना होते. विदेशी संग्राहक तिच्यावर आदराने लिहितात. आपल्याकडे तिचं नाव घेणारं क्वचितच कुणी भेटतं.

पोलिसांकडे मात्र थ्री-नॉट-थ्री राहिलीच. काही ठिकाणी तिची नळी आतून कोरून आटे काढून टाकले आणि ०.४१० ची मस्केट केली. शिपायाच्या हातून ती हिसकावली गेली तरी हिसकावणाऱ्याला फार उपयोग होऊ नये, हा विचार. १८५७ नंतरची एक पायरी खाली ठेवण्याची ती रीत मला इथे पुन्हा दिसते, फक्त या वेळी स्वतंत्र देशाच्या शिपायासाठी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर थ्री-नॉट-थ्री होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन दहशतवादी कसाबवर गोळी झाडली. त्या धैर्याविषयी बोलताना रायफलीचं कौतुक करू नये. तिची वेळ कधीच होऊन गेली होती, आणि ती बदलण्याची जबाबदारी त्या शिपायांची नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला.

हे सगळं इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून का लिहिलं? कर्नाटकच्या केऑनिक्स महामंडळाचे आर. के. बालिगा यांनी कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरूच्या शिवारात ३३२ एकरांवर जी वसाहत कल्पिली, तिथे आज महाराष्ट्रातून आणि बेळगावकडून आलेले शेकडो अभियंते काम करतात. त्यांच्या कार्यालयांच्या फाटकावर निवृत्त सैनिक उभे असतात, कुणी मद्रास सॅपर्सचे, कुणी मराठा लाइट इन्फंट्रीचे. बेळगावच्या मराठा केंद्रातून भरती झालेला, साठी-सत्तरीतला एखादा हवालदार होसूर रस्त्यावरच्या एखाद्या कंपनीत रात्रपाळीचा पर्यवेक्षक असतो. आत बसलेल्या मराठी मुलाला ते माहीत नसतं, कारण दोघांचं बोलणं ओळखपत्र दाखवण्यापुरतं. मी बोलायला लागलो आणि या पुस्तकाचा अर्धा ऐवज तिथे मिळाला. दस्त्याच्या पोकळीत ठेवलेली तेलाची पितळी बाटली आणि पुल-थ्रूची दोरी. दोरीला बांधायचा फलालिनीचा तुकडा, जो पांढराच बाहेर आला पाहिजे, नाहीतर उस्ताद पुन्हा नळी साफ करायला लावायचा. दस्ता खांद्यात घट्ट न रोवल्यास बसणारा धक्का. ‘बाजू शस्त्र’ला तळव्यावर लाकूड आपटण्याचा एकसाथ आवाज, आणि ‘शोक शस्त्र’ करताना उलटी धरलेली नळी. कारखान्याच्या पुस्तिकेत यातलं काहीच नाही.

शस्त्राला मान देण्याची रीतही इथे डोळ्यांसमोर असते. आपल्याकडे खंडेनवमीला जशी हत्यारं पूजतात, तशी इथे आयुधपूजेला कंपनीच्या बसगाड्या, सर्व्हर, संगणक पूजले जातात. रस्त्यात कुंकू घातलेला कोहळा फुटलेला असतो. शेजारच्या कोडगूत तर सप्टेंबरच्या कैलपोळद सणाला बंदुकाच फुलांनी सजवून देवापुढे ठेवतात. कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमलापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली. शस्त्र आणि जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या एका घरात कशी नांदते, हे पाहायचं असेल तर कोडगूइतकं जवळचं ठिकाण दुसरं नाही.

खुद्द रायफल मात्र दूर गेली. इशापूरच्या रायफली मोठ्या संख्येने अमेरिकेत विकल्या गेल्या. कामानिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना कुठल्याशा गावच्या दुकानात अशोकस्तंभाचा शिक्का असलेली रायफल दिसते आणि ते चमकतात. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातली हजारो जुनी हत्यारं, ज्यात नेपाळची स्वतःची मार्टिनीच्या वळणाची गहेंद्र रायफलही होती, २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. आपल्याकडच्या बाद झालेल्या रायफली बहुधा वितळवल्या जातात. निकामी केलेले निवडक नमुने जिल्ह्याजिल्ह्याच्या संग्रहालयांत ठेवावेत, खुणांची नोंद करूनच बाकीच्या भट्टीत घालाव्यात, असं मला मनापासून वाटतं. एकेका रायफलीची चार छायाचित्रं काढायला किती वेळ लागतो?

तोवर संग्रह करायचा तो कागदाचा. मराठी घरांत तो भरपूर आहे आणि झपाट्याने संपतो आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते; पदक घासून चकचकीत करू नये, कडेचं छायाचित्र घ्यावं. पेन्शनची कागदपत्रं, सेवापुस्तिका, रायफल घेऊन काढलेली तसबीर, पत्रं यांची नक्कल करून मूळ प्रत घरातच ठेवावी. तसबिरीत रायफल असेल तर बोल्टची मूठ आणि नळीचं टोक नीट पाहावं; मार्क ओळखायला पुस्तकातल्या आकृत्या दिल्या आहेत. त्या ताडून पाहायला पुण्याचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, बेळगावचं मराठा केंद्राचं संग्रहालय आणि बेंगळूरुचं मद्रास सॅपर्सचं संग्रहालय आहे. छावणीतल्या जागांसाठी आधी परवानगी विचारावी. आणि वाड्याच्या माळ्यावर खरोखरची रायफल सापडलीच, तर बोल्टला हात न लावता, ती जागची न हलवता, पोलिस ठाण्याला लेखी कळवावं. कळवण्यापूर्वी, ती जिथे आहे तिथेच, दिसणारे क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत.

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु